बोट लागते तेव्हा



शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या, की माझ्या विक्रोळीच्या दवाखान्यात अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. ''डॉक्टर, मुलगा-सून नातवंडांसह क्रूझवर निघालेत, आम्हीही जाऊ का?'' पूर्वी असा प्रश्न चारधाम यात्रेपुरता असे. २०२१पासून कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले, आणि पूर्व मुक्त मार्गामुळे बॅलार्ड पिअरचा धक्काही आपल्याला जवळ आला.

बहुतेकांना मी 'अवश्य जा' असेच सांगतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर मात्र आपल्या तज्ज्ञांची संमती हवीच. जहाजावर डॉक्टर असतो, मोठे रुग्णालय नसते.

आपल्यापैकी अनेकांनी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटींचा प्रवास केला असेल. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग तिथलाच. कानाच्या आतील तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर हलते आहे, डोळे सांगतात की खोली स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ उद्भवते. म्हणून डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. खोली निवडता आली, तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्यावी; तेथे हेलकावे कमी जाणवतात.

खरी चिंता मला गोळ्यांची वाटते. कन्नमवारनगरातील सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याने दिलेली उलटीची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली. प्रोस्टेटचा त्रास आधीपासून होताच. दुसऱ्या रात्री लघवी पूर्ण अडली आणि उरलेली सहल नळी लावून खोलीत काढावी लागली. प्रोमेथाझिनसारख्या या औषधांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, क्वचित भ्रमही होतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती घातक ठरतात. सिनारिझिनने कंपवाताची लक्षणे वाढू शकतात. नातवाला चालणारी गोळी आजोबांना चालेलच असे नाही. निघण्यापूर्वी आपली औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून गोळी आणि मात्रा ठरवून घ्या.

मधुमेहींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण उलटून पडले, तर साखर झपाट्याने खाली येते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असताना उलट्या-जुलाब झाले, तर शरीरातील पाणी फारच घटते. अशा दिवशी कोणते औषध थांबवायचे, हे आधीच कागदावर लिहून घ्या. हात मात्र साबणानेच धुवा. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.

आता थोडे नाजूक बोलतो. टागोरनगरातील एक आजी गेल्या मार्चमध्ये गुडघेदुखीची 'जरा जोरदार' गोळी मागायला आल्या. रक्तदाब होता, लघवीची गोळी चालू होती. त्यावर वेदनाशामके म्हणजे मूत्रपिंडावर संकट. कारण विचारल्यावर कळले, की मुलगा-सून संध्याकाळचे कार्यक्रम पाहणार आणि पाच व आठ वर्षांची नातवंडे आजींबरोबर तरणतलावावर राहणार. सुनेच्या मनात काही वाईट नव्हते. ''आई आहेत म्हणून आम्ही निर्धास्त आहोत,'' असे ती कौतुकाने म्हणाली. परंतु ओल्या लादीवर पाच वर्षांच्या मुलामागे धावणे हे त्या गुडघ्यांचे काम नव्हे. मूल पाण्यात बुडते ते बहुधा आरडाओरडा न करता, क्षणार्धात. तेथे हात पुरेल इतक्या अंतरावर, पोहता येणारा सशक्त मोठा माणूसच हवा.

मी आजींना विचारले, ''तुम्हाला स्वतःला काय पाहायचे आहे?'' त्या क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, लहानपणी बोटीने रत्नागिरीला जायचो, पडावातून उतरायचो. तो किनारा पुन्हा समुद्रातून पाहायचा आहे.

गोळी मी दिली नाही. सुनेला बोलावून तिघांनी बसून पाळ्या ठरवल्या: तलावावर आई किंवा बाबा, खोलीत गोष्टी सांगायला आजी. आणि संध्याकाळी डेकवरची एक खुर्ची आजींची, कोणतेही मूल सोबत न देता. परतल्यावर त्या दवाखान्यात आल्या तेव्हा गुडघा होता तसाच होता. किनारा मात्र दिसला नाही म्हणाल्या, जहाज फार दूरवरून गेले. पण वारा तोच होता.

जाताना औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि खोलीत पोहोचायला कित्येकदा बराच वेळ लागतो.