अर्ध्या आयुष्याचा ताळेबंद

व्यापारी घरातील तरुण प्रथम परगावच्या पेठेत जातो, तेव्हा त्याच्यासोबत दिलेल्या मालाची नोंद वहीत होते. त्या पेठेने त्याला काय शिकविले, याची नोंद सहसा होत नाही. ती प्रामाणिकपणे करून ठेवणारा एक श्रीमाळ जैन व्यापारी सतराव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव बनारसीदास.

त्यांचा जन्म १५८६ साली जौनपूर येथे जवाहिऱ्याच्या घरी झाला. तारुण्यात व्यापारापेक्षा शृंगारकाव्यात त्यांचे मन अधिक रमे. पुढे त्यांनी ते काव्य स्वतःच्या हाताने गोमतीत सोडून दिले. चोविशीच्या सुमारास वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. तेथे त्यांची पुरती दैना झाली. नाडीत बांधलेली रत्ने नकळत गळून गेली, काही माणके उंदरांनी पळविली आणि भांडवल संपले.

जौनपुरात वडिलांची पत होती; आग्र्यात ते नवखे होते. रात्री ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये गाऊन दाखवीत. श्रोत्यांत एक कचोरीवाला असे. त्याच्याकडे ते उधारीवर जेवू लागले. अखेर आपल्याजवळ काही नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले, तेव्हा वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असे त्याने उत्तर दिले. तारण नाही, जामीन नाही. केवळ सत्य सांगितल्यावर मिळालेली ही पत होती. ती उधारी बनारसीदासांनी पुढे फेडली.

याच आग्र्यात त्यांना अध्यात्मचर्चा करणाऱ्या श्रावकांची संगत लाभली. ‘समयसार’ वाचून प्रारंभी त्यांचा तोल गेला आणि बाह्य क्रिया व्यर्थ वाटू लागल्या. काही वर्षांनी पंडित रूपचंद आग्र्यास आले. त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ समजून घेतल्यावर ज्ञान आणि आचरण यांचा मेळ त्यांना उमगला. त्यानंतर त्यांनी ‘नाटक समयसार’ रचले.

१६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी ही अर्धी कथा सांगितली. तोवर त्यांची नऊही अपत्ये काळाने नेली होती. ते दुःख, व्यापारातील तोटा आणि स्वतःच्या चुका यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. शेवटी आपले गुण आणि दोष त्यांनी शेजारी शेजारी मांडले. दोषांत धनाचा लोभही स्पष्ट नमूद केला.

आपल्या घरांतील मुले आज दूरच्या शहरांत दुकान किंवा नोकरी सांभाळतात. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न धंद्याचा असतो. तो विचारावाच, परंतु तेथे कोणाची संगत लाभली, अडचणीत कोणी हात दिला आणि त्याची परतफेड झाली का, हेही विचारावे. तोटा झाला असेल, तर तो सांगण्याचे धैर्य मुलाला घरातूनच मिळाले पाहिजे. दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीसोबत असा एक ताळेबंद प्रत्येकाने स्वतःशी मांडावा. त्यात दोषांची बाजू कोरी ठेवू नये.