भूछत्राचा मान

आषाढात रामटेकच्या गडावर मेघ उतरले, की पाहणाऱ्यास मेघदूताचे स्मरण होते. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले. त्या काव्यात यक्ष मेघाला म्हणतो, की तुझ्या गर्जनेने भूमीतून शिलींध्रे उगवतात आणि भूमी सुफला होते. शिलींध्र म्हणजे भूछत्र, असा अर्थ अनेक अभ्यासक करतात. महाकवीने जे सुपीकतेचे चिन्ह मानले, त्याला आपण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो आणि पायाने उडवून देतो! हा अनादर अज्ञानातून आला आहे, असे मला वाटते.

पूर्व विदर्भातील रानाशेजारच्या माणसाने असा अनादर केला नाही. ‘सात्या’, ‘टेकोडे’ अशी घरगुती नावे त्याने भूछत्रांना दिली. पावसाळ्यात वारुळांवर सात्या उगवल्या, की लोक पहाटेच रान गाठतात. काही सात्या घरी शिजतात, काही बाजारात चांगल्या मोलाने विकल्या जातात. वर्षातून थोडेच दिवस भेटणाऱ्या या भाजीची वाट माहेरवाशिणीप्रमाणे पाहिली जाते.

या सात्यांमागे वाळवीचे कष्ट असतात. ती पालापाचोळा व लाकूड चावून वारुळात नेते आणि त्यावर बुरशीची जणू शेतीच करते. बुरशी ते कठीण अन्न वाळवीला पचेल असे करते, आणि पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्रे भूमीवर येतात. म्हणून ज्याने वारूळ खणून टाकले, त्याने पुढील वर्षांच्या सात्याही गमावल्या.

मात्र ही माया आंधळी असू नये. काही विषारी भूछत्रे खाण्याजोग्या भूछत्रांसारखीच दिसतात, आणि शिजवल्यानेही त्यांचे विष जात नाही. तेथे तारते ती जाणत्यांची नजर. कोणती छत्री कोठे उगवते, तिचा देठ कसा, वास कसा, हे आजीने नातवंडांना रानात नेऊनच शिकवायचे असते. आज बाजारातील पांढऱ्या अळिंबीची आपणांस ओळख आहे. परंतु रानातील नावे विसरत चालली आहेत. एका पिढीने ही विद्या घेतली नाही, तर पुढच्या पिढीला ती कोण देणार?

म्हणून वडीलधाऱ्यांना विचारावे, त्यांनी सांगितलेली नावे व खुणा वहीत लिहून ठेवाव्यात. जाणत्याच्या निर्वाळ्यावाचून रानातील कोणतेही भूछत्र खाऊ नये; पण तुडवूही नये. पुढच्या पावसात वाटेवर एखादी इवली छत्री दिसली, तर उचललेला पाय मागे घ्यावा आणि क्षणभर वाकून तिच्याकडे पाहावे. ओळखीचा आरंभ तेथूनच होतो.