'झपाटलेला' आणि आमची सोवळी समीक्षा

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (1993) हा हॉलिवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'ची (1988) नक्कल आहे, एवढे एक वाक्य उच्चारले की मराठीच्या प्राध्यापकाचे त्या चित्रपटाविषयीचे कर्तव्य संपते. मूळ कथाबीज तिकडचे आहे यात वाद नाही. मरणाऱ्या गुन्हेगाराने मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरावे, ही कल्पना तिथूनच आली. वाद आहे तो पुढच्या न्यायाविषयी.

आगरकरांचे 'विकारविलसित' 'हॅम्लेट'वरून आले, देवलांचा 'संशयकल्लोळ' मोलियरकडून इंग्रजीच्या वाटेने आला, पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली. ही रूपांतरे आपण मोठ्या कौतुकाने शिकवतो. परकीय बीज मराठी मातीत कसे रुजले, यावर दहा गुणांचा प्रश्नही काढतो. ठाण्यात गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणात अत्रे रंगमंदिर असलेल्या आमच्या पट्ट्यात अशी नाटके पाहणे हा संस्कार समजला जातो. तात्या विंचू मात्र 'टीव्हीवर पुन्हा लागला' म्हणून पाहायचा. हा भेद वाङ्मयीन नाही, प्रतिष्ठेचा आहे. (मूळ कृतीचे श्रेय देण्याचा प्रश्न नीतीचा आणि कायद्याचा आहे, तो जरूर विचारावा, पण मग सर्वांनाच विचारावा.)

रूपांतरात काय बदलले, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. मूळ चित्रपटात बाहुला येतो तो एका लहान मुलाकडे, आणि मुलाचे कोणी ऐकत नाही ते तो मूल आहे म्हणून. 'झपाटलेला'तला लक्ष्या प्रौढ आहे आणि त्याचा धंदाच बोलक्या बाहुल्यांचा. बाहुल्यांना बोलते करून जो पोट भरतो, तो जेव्हा 'हा बाहुला स्वतःच बोलतो' असे जीव तोडून सांगतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? या एका बदलाने भय आणि विनोद एकाच मुळातून फुटतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आक्रोश जितका खरा, तितका तो हास्यास्पद होत जातो. इथे त्यांचा अभिनय नेहमीच्या धांदलीपलीकडे पोचला आहे. त्यातच बाहुला घडवला रामदास पाध्ये यांनी, म्हणजे शब्दभ्रम ही ज्यांच्या घरातलीच कला. आणि विंचूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. कथनमीमांसेच्या तासाला 'आवाज कोणाचा?' हा प्रश्न आपण परकीय कादंबऱ्यांची नावे घेऊन फळ्यावर लिहितो. इथे तो प्रश्न बाहुल्याच्या तोंडून बोलत असतो.

आणखी एक. 'चाइल्ड्स प्ले'तला बाहुला हृदयात गोळी लागल्यावर मरतो. तात्या विंचू मरतो तो दोन भुवयांच्या मधोमध. भ्रूमध्याला इथल्या परंपरेत असलेले स्थान निराळे सांगायला नको. या फरकावर एखादा विद्यार्थी टिपण लिहू शकेल.

चित्रपट निर्दोष आहे असा दावा नाही. पोलिसी प्रसंग लांबले आहेत. चाहत्यांविषयीही फार आदर बाळगण्याचे कारण नाही: बाबा चमत्काराचा मंत्र मोबाइलवर एकमेकांना पाठवण्यापलीकडे त्यांची भक्ती क्वचितच जाते, आणि त्या हशात बेर्डे यांचे काम हरवते. पण चाहता निदान चित्रपट पाहतो तरी.

आमच्या परिसरातील एका महाविद्यालयात एम. ए.च्या प्रकल्पासाठी हा विषय सुचवला गेला, तेव्हा 'संहिता छापील नाही' असे कारण देऊन तो फेटाळण्यात आला. लोकसाहित्याचा पेपर शिकवणाऱ्या विभागाने हे म्हणावे! ओव्या कोणी छापून ठेवल्या होत्या? त्या ऐकून, उतरवूनच घेतल्या. दोघी विद्यार्थिनींनी आता संवाद उतरवून घ्यायला आरंभ केला आहे. माणूस असलेला विंचू आणि बाहुला झालेला विंचू यांचे संवाद एकाच नावाखाली लिहायचे की दोन, यावर त्यांचे अद्याप एकमत झालेले नाही.