फोटो बाजूला ठेवा, केसांचा इतिहास सांगा

लग्नसराई जवळ आली की यवतमाळच काय, पुसद, वणी, उमरखेडच्या पार्लरमध्येही केस उजळवण्याची चौकशी होते आणि प्रश्न पडतो: ग्लोबल करावं, फॉइल लावून हायलाइट्स घ्यावेत की बालायाज? उत्तर बहुतेक वेळा मोबाइलमधल्या फोटोवरून ठरतं. माझ्या मते इथेच चूक होते. फोटोतले केस दुसऱ्याचे असतात. आपल्या केसांवर आजवर काय काय लागलं आणि पुढे ते कोणत्या उन्हापाण्यात राहणार, यावरूनच पद्धत ठरायला हवी. तसं पाहिलं तर आपल्याकडच्या काळ्याभोर केसांसाठी अख्खं डोकं उजळवण्यापेक्षा मुळं सोडून मोजक्या बटा उजळवणं, तेही दोन-तीन पायऱ्यांपुरतंच, हा शहाणपणाचा मार्ग आहे.

कारण रसायनात आहे. ब्लीच पावडरमधली परसल्फेटं आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून केसातलं मेलॅनिन तोडतात. डेव्हलपर 20 वॉल्यूमचा असेल तर त्यात 6 टक्के पेरॉक्साइड असतं, 40 वॉल्यूमच्यात 12 टक्के. पण ही क्रिया मेलॅनिनपाशी थांबत नाही. केसाला ताकद देणारे केराटिनमधले गंधकाचे बंधही त्यात तुटतात. पार्लरच्या मोजपट्टीवर काळा केस पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतो, तर फिकट सोनेरी नवव्या-दहाव्या. वाटेत लाल, नारिंगी, पिवळा असे टप्पे लागतातच. म्हणून तांबूस तपकिरी किंवा कॅरॅमल छटेवर थांबलं, तर केसातून आपसूक निघणारा उबदार रंग कामी येतो. राखाडी सोनेरी हवा असेल, तर तोच रंग मारण्यासाठी आणखी ब्लीच आणि वर टोनर लागतो. ग्लोबलमध्ये हे सगळं प्रत्येक केसावर, अगदी मुळापर्यंत होतं, आणि टाळूच्या उबेमुळे मुळं लवकर उजळून वरचा भाग वेगळाच दिसू शकतो. फॉइलमध्ये ऊब आणि ओल टिकत असल्याने बटा जास्त उजळतात. बालायाजमध्ये ब्लीच ब्रशनं वरवर फिरवलं जातं, ते उघड्यावर राहतं, म्हणून उजळणं सौम्य होतं.

आता इतिहास. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेकडे झुकणाऱ्या 45 सेंटिमीटर केसांची टोकं तीन-चार वर्षं जुनी असतात, आणि त्या काळातली प्रत्येक मेंदी, प्रत्येक डाय त्यांच्यात आहे. शुद्ध मेंदीतलं लॉसोन केराटिनला घट्ट धरून बसतं. त्यावर ब्लीच लावलं की हट्टी नारिंगी रंग उरतो. नीळ मिसळलेली असेल तर हिरवट झाकही येते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत पीपीडी हा कृत्रिम डाय असतो, तो ठिकठिकाणी कमीजास्त निघतो. मिश्रणात धातूंचे क्षार असतील, तर पेरॉक्साइड लागताच केस तापून तुटूही शकतात. हे सगळं लपवून ‘केसांना काही लावलेलं नाही’ असं सांगणं स्वतःचंच नुकसान करणारं आहे.

आपला भागही विसरून चालणार नाही. इथला मे महिना 44-45 अंशांपर्यंत जातो. कडक ऊन केसांचा रंग आणि केराटिन दोन्ही झिजवतं, आणि मेलॅनिन गमावलेल्या केसाला तर त्यापासून बचावच कमी असतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सच्छिद्र झालेल्या केसांवर बसतात. रंग निस्तेज होतो, गुंता वाढतो. लोह-तांब्याचे अंश साठले असतील तर ब्लीचची क्रिया अधिक घातक होते. जितका केस उजळवाल, तितका या परिस्थितीच्या हवाली कराल.

यावर आक्षेप येतील. बालायाज महाग, ग्लोबल परवडतं, हा पहिला. पण ग्लोबलमध्ये महिन्याभरात काळ्या मुळांची रेघ दिसते आणि दर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा पार्लर गाठावं लागतं. मुळं सोडलेल्या बटा महिनोन्‌महिने सहज वाढतात. हिशेब वर्षाचा करावा, एका दिवसाचा नव्हे. दुसरा आक्षेप: अमोनियामुक्त उत्पादनं आणि 2014 पासून बाजारात आलेल्या ओलाप्लेक्ससारख्या उपचारांनी आता धोका कुठे उरला? अमोनिया काढला तरी केस उघडायला दुसरा अल्कली लागतोच, आणि बंध सांभाळणारे उपचार नुकसान कमी करतात, पुसून टाकत नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो: केस माझे, रंगही माझ्या मर्जीचा. अगदी मान्य. मुलींच्या केसांवर गावानं मत देण्याची सवय मोडलीच पाहिजे. पण मर्जी खरी तेव्हाच, जेव्हा निवडीची पूर्ण किंमत आधी कळलेली असते.

म्हणून पार्लरमध्ये दर विचारण्याआधी दोन चाचण्या मागा. डाय किंवा टोनर कानामागे लावून 48 तास वाट पाहणं, आणि मागची एक छोटी बट कापून तिच्यावर ब्लीच करून बघणं. दुसऱ्या चाचणीत मेंदीचा सगळा इतिहास उघडा पडतो. यासाठी महागडं यंत्र लागत नाही, त्यामुळे तालुक्याच्या छोट्या पार्लरलाही त्या सहज जमतात. जिथे या चाचण्यांना नकार मिळतो, तिथून केस न रंगवता परत यावं. कारण बिघडलेला रंग झाकता येतो, जळालेला केस मात्र कापावाच लागतो.