बारमध्ये पैसा घालताय? परवान्यावर नाव कोणाचे, ते आधी पाहा

मुंबई, खास प्रतिनिधी

मेट्रो-३ चे गिरगाव स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. दक्षिण मुंबईच्या या जुन्या भागात पोहोचणे सोपे झाल्यावर ठाकूरद्वार, मुगभाट आणि खोताची वाडी या परिसराकडे उपाहारगृहे व बार काढू पाहणाऱ्यांची नजर वळली, तर त्यात नवल नाही. वाडीतील लाकडी जिन्यांच्या, पोर्तुगीज धाटणीच्या बंगल्या पाहून कोणालाही तेथे चार टेबले मांडावीशी वाटतील. निवृत्तीची रक्कम किंवा घर विकून आलेला पैसा घेऊन एखाद्या मित्राच्या बारमध्ये 'स्लीपिंग पार्टनर' होण्याचा मोहही नवा नाही. मात्र या धंद्यात नेमके काय विकत घेतले जाते, हे पैसे देणाऱ्यालाच अनेकदा ठाऊक नसते.

जागा, फर्निचर, गल्ल्यावरचा जम या गोष्टी दुय्यम आहेत. खरी मालमत्ता आहे ती परवाना, आणि तीही पूर्ण अर्थाने मालमत्ता नव्हे. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा तसाच राहिला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. म्हणजे राज्यात दारूला मूलतः बंदी आहे आणि परवाना हा त्या बंदीला दिलेला अपवाद आहे. 'परमिट रूम' हे नावही त्यातूनच आले. ग्राहकाकडेही पिण्याचा परवाना असावा लागतो. एक दिवसाचा परवाना अवघ्या ५ रुपयांना मिळतो, तो फारसे कोणी मागत नाही, आणि छापा पडला की नेमका त्याचाच हिशेब विचारला जातो. बिअर व वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयाची अट मोडल्यास किंमत मोजतो तो परवानाधारक.

परमिट रूमचा परवाना, म्हणजे 'एफएल-३', विशिष्ट व्यक्तीला किंवा भागीदारी संस्थेला, विशिष्ट जागेसाठी, मंजूर नकाशासह मिळतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते व दरवर्षी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. परवान्यावर नाव नसलेल्या भागीदाराने स्टॅम्प पेपरवर कितीही कलमे लिहून घेतली, तरी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दृष्टीने तो कोणीच नसतो. आपसांत वाद झाला, तर परवान्याच्या अटींना बगल देऊन केलेल्या कराराला न्यायालयात आधार मिळणे कठीण असते. जुनी कागदपत्रे तपासणे किती आवश्यक आहे, याचे उदाहरण नवी मुंबईत घडले. तेथील एका बारला १९९७ साली मिळालेला परवाना ठाणे जिल्हाधिकाऱ्यांनी २०२२ मध्ये रद्द केला. परवाना घेताना परवानाधारकाचे वय आवश्यक २१ वर्षांपेक्षा कमी होते, हे त्यामागचे कारण. प्रकरण न्यायालयात गेले, पण मधली २५ वर्षे उपयोगी पडली नाहीत.

परवाना एकाचा आणि गल्ल्यावर दुसराच, हा 'चालवायला देण्याचा' प्रकार मुंबईत वर्षानुवर्षे तोंडी व्यवहारांवर चालत आला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला अधिकृत वाट करून देण्याचा निर्णय घेतला. एफएल-३ परवाना कराराने दुसऱ्याला चालवायला देता येईल; त्यासाठी वार्षिक परवाना शुल्काच्या १० टक्के जादा रक्कम भरावी लागेल. असा सरळ मार्ग असतानाही कोणी तोंडी व्यवहाराचा आग्रह धरत असेल, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

गिरगावात जागेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. येथील कितीतरी दुकाने पागडीची आहेत. घरमालकाची संमती नसेल तर पुढचा कागद हलत नाही, आणि इमारत पुनर्विकासाला निघाली की ज्या जागेसाठी परवाना आहे ती जागाच नाहीशी होते. मग स्थलांतराची परवानगी, नवा नकाशा, शाळा व प्रार्थनास्थळांपासूनचे अंतर, असे सारे पुन्हा सुरू होते. खोताची वाडी तर वारसा परिसर आहे. बंगलीच्या दर्शनी भागाला हात लावायचा तर वारसा नियमांचा अडसर येतो. ओटीवर टेबल टाकले आणि ते मंजूर नकाशात नसेल, तर तोही अटींचा भंगच.

आता हिशेब. मानवी सेवनाचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, पण त्याची वजावट ना दारूच्या विक्रीतून मिळते, ना ५ टक्के कराच्या जेवणातून. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. महिन्याला ५ लाखांचे मद्य विकणाऱ्याचा हा कर २५ हजारांवरून ५० हजारांवर गेला. पुढे २०२५-२६ साठी परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले. जून २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर नेण्याचा निर्णय झाला. 'आहार' या संघटनेच्या हाकेवरून १४ जुलै २०२५ रोजी राज्यभर बार बंद राहिले. दारूच्या दुकानातील क्वार्टर आणि बारमधील क्वार्टर यांच्या दरातील फरक वाढत गेला की मध्यमवर्गीय गिऱ्हाईक घरी बसते, हे बारमालकांचे म्हणणे खोटे नाही. त्यात ड्राय डेची भर. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर वर्षातील सर्वांत मोठी गर्दी लोटते आणि नेमक्या त्या दिवशी बार बंद असतो.

एवढे सारे जुळले तरी एक धोका उरतो, आणि तो केवळ पैशांचा नाही. लोअर परळच्या कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. हुक्क्याच्या निखाऱ्यातून आग भडकल्याचा निष्कर्ष अग्निशमन दलाने काढला. दोन्ही रेस्टोबारचे मालकच नव्हे, तर जागेचा मालकही अटकेत गेला. गोव्यात हडफडे येथे ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री नाइट क्लब जळाला आणि २५ जण दगावले. त्यांत बहुतांश तेथे राबणारे कर्मचारी होते. परदेशी निघून गेलेल्या मालकांना थायलंडहून परत आणावे लागले.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी व जुलैत परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावे लागते. भागीदार होऊ पाहणाऱ्याने गेल्या तीन-चार वर्षांची ही प्रमाणपत्रे मागावीत; ताळेबंदापेक्षा ती अधिक सांगून जातात.

सोसायटीच्या आवारात नवे बिअर वा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, अशी घोषणा मार्च २०२५ मध्ये विधानसभेत झाली. ती दुकानांबाबत असली, तरी रहिवाशांच्या नाराजीची दखल आता सरकारलाही घ्यावी लागते, एवढे त्यातून दिसते. खोताच्या वाडीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की अनेक ठिकाणी मोटारही वळत नाही, आणि लाकडी घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. तेथे बारचा प्रस्ताव आला, तर परवान्याची फाइल उघडण्याआधी आगीचा बंब कोठवर येणार, हे शेजारी विचारतील.