डिझेल कुणाचं जळतंय?

मालवणच्या कुठल्याही बोटमालकाला नवीन यंत्र दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : डिझेल किती वाचतला? हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उपग्रहाच्या मदतीने समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य तपासून मासे कुठे मिळू शकतील याचा अंदाज देते. अंदाज बरोबर आला तर मच्छीमार पुन्हा विचारतो, नाहीतर आपल्या नेहमीच्या जागी जाळं टाकतो. कारण निर्णय त्याचा आणि खिसाही त्याचाच.

मोठ्या कंपन्यांत नेमकं हेच नसतं. निर्णय साहेबांचा, पैसा भागधारकांचा आणि डोकेदुखी कर्मचाऱ्यांची. मग 'याने काम सोपं होईल का?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हे नसेल तर आपण जुनाट दिसू का?' हा पुढे येतो. सगळ्यांनी घेतलेलं तंत्रज्ञान फसलं तर कुणा एकाला जाब विचारला जात नाही. एकट्याने 'नको' म्हटलं आणि अंदाज चुकला, तर मात्र खुर्ची जाते. म्हणून ट्रेंडच्या मागे धावणं हा साहेबांसाठी सगळ्यात सेफ पर्याय!

वर बाजारही दिखाव्याला बक्षीस देतो. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनची हवा होती. अमेरिकेत आइस टी विकणाऱ्या 'लाँग आयलंड आइस्ड टी' कंपनीने नाव बदलून 'लाँग ब्लॉकचेन' केलं. धंदा चहाचाच, पण शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला. नव्याचे नऊ दिवस सरले आणि २०१८ मध्ये नॅसडॅकने तो शेअर यादीतून काढून टाकला.

आज ती हवा एआयची आहे. एआय खोटं आहे असं अजिबात नाही. मासळी बाजारातला क्यूआर कोडही सुरुवातीला फॅडच वाटला होता. तो टिकला, कारण सुट्ट्या पैशांची कटकट मिटली. २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या प्रशासनातही एआय आणण्याची घोषणा झाली. तिलाही हीच फूटपट्टी लावूया : मालवणहून ओरोसला मारावे लागणारे हेलपाटे किती कमी झाले?

हे आपल्याला का कळायला हवं? कारण कंपन्यांचा ट्रेंड नोकरीच्या जाहिरातीत उतरतो, तिथून क्लासच्या बोर्डावर आणि शेवटी आपल्या घरच्यांच्या खर्चात. कोर्सच्या नावात 'एआय' दिसलं म्हणून लगेच फॉर्म भरू नका. शिकवणार कोण, हाताने काय करून घेणार, आधीच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत, हे तोंडावर विचारा. उत्तर गोलगोल आलं तर सरळ बाहेर पडा. साहेबांचं डिझेल दुसरा भरतो. आपलं मात्र आई-बाबा भरतात.