ढिगाऱ्याखालच्या माणसाची संमती

आमच्या काळेवाडीच्या धर्मग्रामात लातूर-धाराशिवकडून कारखान्यांच्या आशेने आलेली कुटुंबे आहेत, तशीच केरळातून आलेलीही आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ पाण्याखाली गेले, तेव्हा महिन्याच्या अखेरच्या रविवारी मिस्साबलिदानानंतर आम्ही झोळी फिरवली. सर्वांत आधी खिशात हात घालणारा गृहस्थ किल्लारी परिसरातला होता. परदेशी सरकारांनी देऊ केलेली मदत आपले सरकार घेणार नाही, असे आम्ही त्याला सहज सांगितले. तो म्हणाला, “फादर, आमच्या घरावरची ताडपत्री कुठल्या मुलखातनं आली, हे आम्ही कधी इचारलं न्हाई. पाऊस होता, लेकरं तिच्याखाली निजली. मग आता न्हाई म्हणायचं, ते कुणाला इचारून?”

हा प्रश्न आम्हाला आजवर स्वस्थ बसू देत नाही. म्हणूनच हा लेखप्रपंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. गणेशविसर्जन करून गाढ झोपलेली माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्या वेळी भारताने बाहेरच्या जगाचा हात झिडकारला नाही. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्याच्या कार्यात जागतिक बँकेचे कर्जही घेतले. त्यामुळे देशाची मान खाली गेली, असे कोणी म्हटल्याचे आम्हाला स्मरत नाही. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीनंतर मात्र धोरण पालटले: आम्ही समर्थ आहोत, गरज पडली तर सांगू. याच धोरणाचा आधार घेऊन २०१८ मध्ये केरळसाठी पुढे आलेले हात परत पाठवण्यात आले. अनिवासी भारतीयांच्या आणि परदेशी प्रतिष्ठानांच्या देणग्यांना मुभा होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. नकार होता तो सरकारांच्या मदतीला. परंतु २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यानुसार, भारत मदतीची याचना करणार नाही, पण दुसऱ्या देशाने सद्भावनेने स्वतःहून देऊ केलेली मदत स्वीकारू शकेल. मग नकार कशासाठी?

उत्तर मिळते, ‘स्वाभिमानासाठी.’ या शब्दाचा आम्हाला आदर आहे. भारताचे सामर्थ्यही आम्हाला मान्य आहे. आमच्यापासून फार दूर नसलेल्या सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. २०१४ मध्ये माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले तेव्हा याच जवानांनी चिखल उपसला. हे दल २०१५ मध्ये नेपाळला आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानला धावून गेले. याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण आपण दिले की ती मैत्री आणि दुसऱ्याने दिले की तो अपमान, हा कोणता न्याय? पवनेचे पाणी नदीकाठच्या घरांत शिरते, तेव्हा शेजारच्या गल्लीतून भाकरी येते. लेकरे उपाशी असताना ती भाकरी दारातून परत पाठवणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आपण स्वाभिमानी म्हणू काय? त्याने स्वतः उपास केला असता, तर गोष्ट वेगळी होती.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत श्वास कोंडू लागले, तेव्हा याच देशाने अनेक राष्ट्रांकडून प्राणवायूची यंत्रे स्वीकारली. योग्यच केले. स्वाभिमान त्यामुळे तसूभरही उणा झाला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मदतीच्या आडून परकीय हस्तक्षेप शिरतो, असे म्हणतात. ही भीती निराधार नाही. वसाहतवादाचे चटके सोसलेल्या राष्ट्राने सावध असावेच. पण संशयाचा अतिरेक कोठे नेतो तेही पाहावे. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर भारताने पाकिस्तानला हेलिकॉप्टरे देऊ केली. पाकिस्तानला ती वैमानिकांशिवाय हवी होती. भारताला ते मान्य नव्हते. हेलिकॉप्टरे गेलीच नाहीत, आणि डोंगरातले जखमी आकाशाकडे पाहत राहिले. २००८ मध्ये नर्गिस चक्रीवादळानंतर म्यानमारच्या लष्करशहांनी परदेशी मदतनिसांना कित्येक दिवस अडवून धरले.

या भीतीवर उपाय आहे तो कायद्याचा. १९०८ च्या मेस्सिना भूकंपानंतर इटलीचे सिनेटर जिओव्हान्नी चिराओलो यांनी आंतरराष्ट्रीय साहाय्य संघाची कल्पना मांडली; १९२७ मध्ये तसा करारही झाला, पण तो निष्प्रभ ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०१६ मध्ये १८ कलमांचा मसुदा पूर्ण केला. त्यात आपद्‌ग्रस्त राष्ट्राच्या संमतीविना बाहेरची मदत येऊ शकत नाही, म्हणजे सार्वभौमत्व अबाधित आहे. परंतु ती संमती मनमानीने नाकारता येणार नाही. आणि संकट स्वतःच्या आवाक्याबाहेरचे असेल, तर मदत मागणे हे त्या राष्ट्राचे कर्तव्य ठरेल. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आमसभेने २०२७ च्या अखेरपर्यंत याविषयी बंधनकारक करार करण्याचे ठरवले आहे.

आमचे मागणे एवढेच, की भारताने या दोन कलमांची धार बोथट करू नये. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला विदेशी देणग्या स्वीकारण्याची परवानगी मिळाली. कोणत्याही राज्याच्या अशा निधीला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. आम्हाला आनंद आहे. पण परवानगी ही कृपा असते, आणि कृपा सर्वांवर सारखी होत नाही. कायदा किल्लारीला आणि केरळला एकाच मापाने मोजतो.

क्लौद्य कैसराच्या काळी दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या बांधवांनी बर्णबा आणि शौल यांच्या हाती यहूदियाला मदत पाठवली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. यहूदियातील वडीलजनांनी ती घेतली. देण्यात जसे औदार्य आहे, तसे घेण्यातही एक नम्रता आहे, आणि राज्यकर्त्याला तर ती आवश्यकच आहे. कारण तो प्रजेचा मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्ताला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार जरूर असावा. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या वतीने ‘नाही’ म्हणायचे असेल, तर त्याने त्या माणसाच्या घरच्यांना कारण सांगितले पाहिजे.